घरी जोडलेला संगणक : माझ्या फजितीचा एक अनुभव



अनुभवलेखन शिकवताना तुम्ही मला हमखास विचारता, "सर, तुमची कधी फजिती झाली का?" झाली की! आणि ती नुसती फजिती नव्हती, थोडक्यात वाचलो. आज तीच सांगतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आणि माझ्या आठवीतल्या लेकीने घरीच संगणक जोडायचं ठरवलं. मदरबोर्ड, प्रोसेसर, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ५०० जीबीची नवी एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट असं सामान आणून जेवणाच्या टेबलावर मांडलं. सोबत जुन्या संगणकातली एक हार्ड डिस्कही होती. तिच्यात घरातले फोटो होते आणि त्याहून मोलाची एक गोष्ट होती, ती म्हणजे माझ्या वडिलांचा, आबांचा आवाज. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला कसे जायचे, सुकडी खाऊन दिवस कसे काढले, हे मी त्यांच्याकडून सांगून घेऊन रेकॉर्ड केलं होतं. आबा आता नाहीत. त्या रेकॉर्डिंगची दुसरी प्रत मी काढलेली नव्हती. ही माझी पहिली चूक.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे गरगर फिरू लागले, पण स्क्रीन काळीच! तासभर डोकं खाजवलं. शेवटी दिसलं, की प्रोसेसरजवळची वेगळी पॉवर केबल लावायचीच राहिली होती. ती लावली आणि स्क्रीन उजळली.

मग पेनड्राइव्हवरून विंडोज टाकायला घेतलं. कुठल्या डिस्कवर टाकायचं असं विचारल्यावर मी यादीतली पहिली डिस्क निवडली. लगेच संदेश आला, की या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, इथे विंडोज बसवता येणार नाही.

हा तक्ता म्हणजे काय? डिस्कचा कोणता भाग कुठून कुठपर्यंत आहे याची नोंद डिस्कवरच असते. जमिनीचा सातबारा असतो ना, तसंच समजा. एमबीआर ही नोंदीची जुनी पद्धत. साधारण २ टीबीपर्यंतच्याच डिस्कला ती पुरते. नवीन पद्धत जीपीटी. मदरबोर्ड नव्या, म्हणजे यूईएफआय पद्धतीने सुरू होत असेल, तर विंडोजला जीपीटीच लागते.

मी मोबाइलवर उपाय शोधला. शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडायची, डिस्कपार्ट सुरू करायचं, डिस्क निवडायची आणि 'क्लीन' असा हुकूम द्यायचा. रात्रीचा एक वाजला होता, डोळ्यांवर झोप होती. मी डिस्क ० निवडली, 'क्लीन' टाइप केलं आणि बोट एंटरकडे नेलं.

"पप्पा, थांबा! दोन्ही डिस्क ४६५ जीबीच्याच दिसतायत. मग वरचीच आपली कशावरून?"

"अगं, आपली नवीन ती ५०० ची..."

"हो, पण वरचीपुढे मोकळी जागा शून्य लिहिलीय. नवी कोरी डिस्क भरलेली कशी असेल?"

माझे हात गार पडले. वरची डिस्क आबांची होती! 'क्लीन' हुकूम "खात्री आहे का?" असं विचारत नाही. एंटर दाबताच सातबारा कोरा. शिवाय त्यावर मी विंडोज टाकलं असतं, म्हणजे आबांचा आवाज कायमचा गेला असता.

आता गणिताचा भाग बघा. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या असून ४६५ का दिसत होत्या? कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज मात्र १०२४ × १०२४ × १०२४ बाइट धरते. ५०० अब्जाला या गुणाकाराने भागा, उत्तर साधारण ४६५.७ येईल.

आणि गंमत अशी, की ज्या संदेशावर मी चिडलो होतो, त्यानेच मला अडवलं होतं. तो सांगत होता, "ही डिस्क जुनी आहे." कोऱ्या डिस्कवर एमबीआर तक्ता येणारच कुठून? मी संदेश वाचला, पण समजून घेतला नाही. थेट उपायाकडे पळालो.

त्या रात्री संगणक बंद करून मी जुन्या डिस्कच्या केबल काढल्या आणि झोपलो. सकाळी फक्त नवी एसएसडी जोडलेली होती. यादीत एकच नाव, चुकायला जागाच नाही. जीपीटी तक्ताही विंडोजने आपणहून तयार केला.

तरी फाइल कॉपी होताना एकदा ३१ टक्क्यांवर, दुसऱ्यांदा ७४ टक्क्यांवर काम अडलं. या वेळी लेकीने वही घेतली. विज्ञानाच्या प्रयोगात करतो तसं एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असं ठरलं. पेनड्राइव्ह बदलला, तरी अडलं. एक रॅम काढली, काम पूर्ण झालं! मग खात्रीसाठी त्याच खाचेत दुसरी रॅम लावून पुन्हा केलं, परत अडलं. म्हणजे खाच चांगली, रॅमच सदोष. दुकानदाराने ती बदलून दिली.

त्यानंतर पहिलं काम केलं ते आबांच्या रेकॉर्डिंगच्या दोन प्रती काढण्याचं. नव्या संगणकावर पहिला आवाज घुमला तो आबांचाच. लेक शेवटपर्यंत ऐकत बसली.

मित्रांनो, यातून मी शिकलो ते असं :

१. मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत आधी काढा, दुरुस्ती नंतर.
२. विंडोज टाकताना बाकीच्या डिस्क काढून ठेवा.
३. संदेश पूर्ण वाचा, त्याचं कारण शोधा, मगच उपाय करा.
४. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.
५. झोप आली असेल तर झोपा!

आणि हो, लहान माणसाने "थांबा" म्हटलं तर थांबा.

आता तुमची पाळी. तुमच्या एखाद्या फजितीचा अनुभव ८ ते १० ओळींत वहीत लिहा. चूक कुठे झाली ते लपवू नका, कारण अनुभवलेखनाचा जीव तिथेच असतो.