हात वर करण्याआधी

आमची गिरणी वाईत, गंगापुरीच्या बाजूला होती. एका चक्कीवर गहू-ज्वारी, कोपऱ्यातल्या दुसरीवर मिरची-हळद. त्यामुळे माझ्या शाळेच्या वह्यांनाही पिवळी झाक असे. लाइट गेली की मागच्या पत्र्याच्या शेडमधलं डिझेल इंजिन लावावं लागे. अण्णा हँडल मारायचे आणि मी वरची खिटी धरायचो. खिटी वर असली की सिलिंडरमध्ये दाब धरत नाही, जड चाक हाताने फिरतं. चाकाने वेग घेतला की खिटी खाली टाकायची. पहिला ठोका बसतो आणि इंजिन लागतं.

अण्णांचा उजवा मनगट किंचित वाकडा होता. लग्नाआधी एकदा घाईत हँडल मारताना इंजिन उलटं फिरलं आणि हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचा नियम होता : "अंगठा बोटांच्याच बाजूला ठिवायचा. मुठीत आवळायचा न्हाय." उलटा झटका बसला तर हात सुटायला हवा, म्हणून. दारात डब्यांची रांग असो, बायका कितीही ओरडोत, हँडल बसवल्यावर ते क्षणभर थांबत, माझ्याकडे बघत आणि म्हणत, "हं." मग चाक फिरायचं.

पुढे पुण्यात कॉलेजला गेलो आणि एनसीसीच्या एअर विंगमध्ये शिरलो. एअर विंग १९५० साली मुंबई आणि कलकत्त्यात सुरू झाली. वायुसैनिक शिबिरांत कवायत आणि नेमबाजीच्या जोडीला मॉडेल विमानांच्याही स्पर्धा असतात. त्यातला कंट्रोल लाइन हा प्रकार मला मिळाला. रेडिओ वगैरे काही नाही. विमानाच्या डाव्या पंखातून दोन बारीक तारा निघतात आणि पंधरा-वीस मीटरवर वर्तुळाच्या मध्यभागी उभ्या राहिलेल्या उडवणाऱ्याच्या मुठीत येतात. मूठ वर-खाली कलली की शेपटीची पट्टी हलते. विमान गोल फिरतं आणि त्याच्याबरोबर आपणही.

पण उडवणारा मध्यभागी असतो आणि इंजिन असतं परिघावर. ते दुसऱ्याने लावायचं. आमचं इंजिन अडीच सीसीचं डिझेल, मुठीत मावेल एवढं. इंधन ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं. त्याला ना प्लग, ना बॅटरी. डोक्यावरच्या स्क्रूने दाब कमी-जास्त करायचा, दोन थेंब आत सोडायचे आणि पंखा बोटाने फटकारायचा. इंधन जास्त झालं किंवा दाब चढा राहिला तर पंखा उलटा मारतो. अण्णांच्या इंजिनाचंच हे पोर, फक्त दात जास्त धारदार. म्हणून माझा जोडीदार बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा.

या खेळात उडण्याआधीच्या क्षणांनाही नियम आहेत. कसरतींच्या आंतरराष्ट्रीय प्रकारात इंजिन लावण्याआधी स्पर्धकाने हात वर करून खूण करायची असते. तिथून घड्याळ चालू होतं आणि इंजिन लावण्यापासून उतरण्यापर्यंत सगळं ७ मिनिटांत बसवायचं असतं. पूर्वी एका मिनिटाच्या आत इंजिन लावणाऱ्याला वेगळे गुणही असत. शर्यतीत १०० फेऱ्या म्हणजे १० किलोमीटर. मध्ये विमान उतरवून इंधन भरायचं आणि गरम इंजिन पुन्हा लावायचं. हवेत कमावलेले सेकंद तिथे क्षणात जातात.

आमच्या निवडस्पर्धेत मिनिटाचा नियम होता. आमची पाळी आली तेव्हा वारा पडला होता आणि मला तो पुन्हा उठायच्या आत उडायचं होतं. जोडीदार विमानाशी वाकलेला होता. त्याचा दाबाचा स्क्रू बसायचा होता, ट्यूबही खिशातच होती. त्याने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी हात वर केला.

पंचांनी घड्याळ दाबलं. ते ऐकून तो दचकला आणि उघड्या बोटाने फटकारू लागला. तिसऱ्या फटक्याला पंखा उलटा आला. एवढ्या लांबून मला फक्त त्याने हात झटकलेला दिसला. तो थांबला नाही. दुसऱ्या बोटाने त्याने इंजिन लावलं, मिनिट संपायच्या आत. मी उडवलं, बरं उडवलं. उतरल्यावर जवळ गेलो तर पांढऱ्या पंखावर रक्ताचे शिंतोडे होते. बोटाला चार टाके पडले. इंजिन वेळेत लावल्याचे गुण आम्हाला पूर्ण मिळाले आणि आमची निवड झाली. बोट बरं व्हायचं होतं म्हणून पुढे माझ्याबरोबर दुसरा मुलगा गेला.

सुट्टीत वाईला आल्यावर मी ही गोष्ट शौर्यकथेसारखी सांगितली. रक्त निघालं तरी पठ्ठ्याने सोडलं नाही, वगैरे. अण्णा पट्ट्याला मेण लावत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "हात कुणी वर केला?"

"मी."

"त्याला इचारलं हुतं?"

मी गप्प राहिलो. अण्णाही पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हँडल माझ्या हातात दिलं आणि स्वतः खिटीपाशी उभे राहिले. मी अंगठा बोटांच्या बाजूला घेतला आणि फिरवायला वाकलो. चाक हलेना. वर पाहिलं तर अण्णांनी खिटी उचललीच नव्हती. ते माझ्याकडे बघत वाट पाहत होते.

लहानपणापासून त्यांचं 'हं' मला हुकूम वाटायचा. तो प्रश्न होता. रोज, प्रत्येक वेळी, ते दहा वर्षांच्या पोराला विचारायचे आणि माझी मान हलल्यावरच हँडल मारायचे. मान मी हलवायचो, पण आपल्याला विचारलं जातंय हे मला कळलं नव्हतं.

"हं?" मी म्हणालो. अण्णांनी मान हलवली आणि खिटी उचलली.

पुण्याला परतल्यावर जोडीदाराला भेटलो. माफी मागायला शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "लागलं ना पण मिनिटात?" आणि हसला. त्याचं ते बोट अजून पुरतं वाकत नव्हतं.