भोरड्यांची पाठवणी

पक्षी पाहायला निघालेल्या मंडळींबरोबर आत्यांना न्यावे की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरणारे. शेवटी निकाल त्यांनीच लावला. "नाथसागराला जाताय ना? मग मी येणार."

चैत्र संपत आला होता. छत्रपती संभाजीनगरहून पहाटे साडेचारला निघालेली आमची सतरा जणांची वरात उजाडता उजाडता पैठणच्या वरच्या अंगाला पोहोचली. दुर्बिणी मोजक्याच, फराळाचे डबे मात्र घरटी दोन!

गोदावरीवरचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, आणि १९८६ साली हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, गाळाची जमीन उघडी पडते. उत्तरेकडचे बरेचसे पाहुणे एव्हाना परतले होते. पिवळे धोबी तेवढे जाण्यापूर्वी नवी पिवळीजर्द वस्त्रे लेवून काठाकाठाने शेपट्या हलवीत होते. दूर उथळ पाण्यात रोहितांची एक ओळ उभी होती.

आत्यांची नजर मात्र पक्ष्यांकडे नव्हतीच. काठीच्या टोकाने ओल्या मातीवर रेघ ओढून त्या म्हणाल्या, "इथंच कुठंतरी आमचं रान होतं. विहीर त्या तिकडं."

इतकी वर्षे आम्ही धरणाचे पाणी पितो आहोत; आत्यांचे माहेर त्याखाली गेले, हे ठाऊक असूनही कधी मनात आले नव्हते. मला काही बोलणे सुचेना.

तेवढ्यात समोरची बाभळ काळ्या-गुलाबी पक्ष्यांनी भरून गेली. एकच कलकलाट! "भोरड्या!" आमचे म्होरके, एक निवृत्त मास्तर, कुजबुजले. "पळसमैना. आता मध्य आशियात जातील. तिकडे टोळांचा फडशा पाडतात म्हणून शेतकरी यांची वाट पाहतात."

"आणि इथं आमची ज्वारी खातात, ते?" आत्या कडाडल्या. "हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची मी. पाहुणे म्हणे!"

असे म्हणून त्यांनी काठी सौ.च्या हाती दिली, उजवा हात डोक्यावरून गरगर फिरवला आणि खणखणीत आरोळी ठोकली, "हाऽऽ हो!"

अख्खा थवा भुर्रकन उठला. फोटो घेणारे दोघे तरुण कपाळाला हात लावून बसले. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आत्या मात्र दम लागेपर्यंत हसत होत्या.

थवा पाण्यावरून एक गिरकी घेऊन पुन्हा त्याच बाभळीवर उतरला. आत्या बराच वेळ पाहत राहिल्या.

"परत कधी येतात?"

"आषाढ-श्रावणात पहिले थवे येऊ लागतात," मास्तर म्हणाले.

"तोवर पाणी चढेल," आत्या म्हणाल्या, आणि गुडघ्यांची पर्वा न करता विहिरीच्या दिशेने चालू लागल्या.