एका उपदेशाची दुरुस्ती

सन २०१८ च्या आगमनकाळातील दुसऱ्या रविवारी आम्ही एक उपदेश केला. तो बरा वठला असे त्या दिवशी आमचे प्रामाणिक मत होते. मिस्सा आटोपल्यावर चार-पाच पुरुष मंडळी आवारात थांबून त्याविषयी बोलताना दिसली आणि आम्ही मनातून सुखावलो. उपदेशावर पुरुषांनी थांबून बोलावे, असा प्रसंग धर्मगुरूच्या आयुष्यात वारंवार येत नाही, हे वाचक जाणतातच.

त्या उपदेशाचे मूळ आमच्या जीपमध्ये होते. धर्मग्रामाने त्याच वर्षी पावसाळ्यानंतर एक जुनी डिझेल जीप विकत घेतली. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणे, वृद्धांना मिस्सेला आणणे, रात्री-अपरात्री कोणाला इस्पितळात पोहोचवणे, अशा कामांसाठी ती हवी होती. आधीच्या मालकाने तेल केव्हा बदलले होते, याचा कोणताही कागद आम्हांला मिळाला नाही. आमच्याच गावचा, आखातात बरीच वर्षे नोकरी करून परतलेला एक सज्जन गृहस्थ म्हणाला, "फादर, जुनी गाडी आहे ना? मग तेल बदलण्याआधी इंजिन साफ करायचे औषध घाला. आतली सगळी घाण निघून जाते." आणि एक बाटली त्याने स्वतःच आणून दिली.

बाटलीवरील सूचनेबरहुकूम ती आम्ही जुन्याच तेलात ओतली, गाडी जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवली आणि तेल काढले. तव्याच्या बुडासारखे काळेभोर तेल पन्हळीतून उतरले. नवे फिल्टर, नवे तेल. इंजिनाचा आवाज मऊ झाल्याचा आम्हांला भास झाला. आता आम्हांला ठाऊक आहे की, नवे तेल घातल्यावर कोणत्याही गाडीचा आवाज काही दिवस मऊच वाटतो.

पुढच्याच रविवारी योहान बाप्तिस्ताचे शुभवर्तमान होते. मार्ग सरळ करण्याची हाक, पश्चात्ताप, पापक्षमा. आमच्यापुढे उपमा हात जोडून उभी होती. आम्ही सांगितले, की वर्षानुवर्षे साचलेला मळ एका पापनिवेदनाने कसा धुऊन निघतो, हे पाहायचे असेल तर आमच्या जीपकडे पाहा. एक बाटली, दहा मिनिटे, आणि जुने इंजिन नवे! सेमिनरीत आम्हांला उपदेशकला शिकवणारे वृद्ध फादर म्हणत असत, की श्रोत्यांच्या रोजच्या जीवनातील दृष्टान्त द्या. त्या दृष्टान्ताची आधी नीट चौकशी करा, असेही ते म्हणत असावेत. त्या तासाला आम्ही बहुधा झोपलो होतो.

त्या सकाळी मंडपाच्या खांबाशी एक तरुण उभा होता. वाड्यांतून भाजी आणि फुले गोळा करून पहाटे दादरच्या बाजारात पोहोचवणे, हा त्याचा धंदा. टेम्पो जुना, दोन हात फिरून आलेला आणि त्यावर पतपेढीचे कर्ज. त्याने तशीच एक बाटली आणली आणि ओतली. दहा मिनिटे थांबणे मात्र त्याला परवडणारे नव्हते. माल भरलेला होता, मोगरा कोमेजतो. त्याने विचार केला, चालवतच नेऊ, जितके जास्त फिरेल तितके जास्त साफ होईल. तेल परत आल्यावर बदलू. वर्सोव्याच्या पुलावरून खाडी ओलांडली आणि दहिसरच्या अलीकडे तेलाचा लाल दिवा लागला. पुढे-मागे ट्रक होते, थांबायला जागा नव्हती. तो आणखी थोडे अंतर गेला. मग इंजिनातून खडखड सुरू झाली आणि टेम्पो बंद पडला.

हे आम्हांला तीन दिवसांनी, तेही त्याच्या आईकडून समजले. ती तक्रार करायला आलीच नव्हती. मुलाचा धंदा बसला आहे, त्यासाठी एक मिस्सा सांगायला आली होती. बाटलीचे तिने सहज बोलता बोलता सांगितले.

आम्ही गॅरेजात गेलो. मेस्त्रींनी टेम्पोच्या इंजिनाचे चेंबर उतरवून ठेवले होते. त्यांनी आम्हांला ऑइल पंपाच्या तोंडाची जाळी दाखवली. मुठीत मावेल एवढी वस्तू. तिची भोके दिसतच नव्हती, गुळाच्या काकवीसारखा चिकट काळा थर त्यांवर बसला होता.

"फादर, तेल इथून वर ओढले जाते," मेस्त्री म्हणाले. "फिल्टर त्याच्या नंतर येतो. जाळीच बंद झाली तर फिल्टर नवा असून काय उपयोग? वर बेअरिंग कोरडे पडले."

"पण घाण निघावी म्हणूनच तर औषध घालायचे ना?"

"निघते हो. पण निघून जाते कुठे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आमच्या उपदेशात नव्हते. मेस्त्रींनी मग आम्हांला बराच वेळ शिकवले आणि आम्ही स्टुलावर बसून शिकलो. चांगल्या इंजिन तेलात मळ सोडवणारी आणि सुटलेला मळ तरंगत ठेवणारी द्रव्ये मुळातच घातलेली असतात. डिझेल गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे पडते, ते काजळी पोटात धरून ठेवते म्हणून. नुसत्या काळेपणावरून ते निकामी ठरत नाही. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ लिटरभर पाण्याची वाफ तयार होते. तिचा बहुतेक भाग धुराबरोबर बाहेर पडतो, थोडा रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरतो. गाडी लांब पल्ल्याची असेल तर तेल तापून ते पाणी उडून जाते. वाडीतून वाडीत, थांबत-थांबत फिरणाऱ्या आणि वेळेवर तेल न बदललेल्या गाडीत ते राहते, आणि काजळी व जळके तेल यांच्याशी मिळून त्याचा गाळ होतो. हा गाळ आधीच्या मालकांनी साठवलेला होता. आमच्या तरुणाने तो फक्त विकत घेतला होता.

अशा इंजिनात ते पातळ द्रावण ओतले, की थर विरघळण्याऐवजी कधी कधी त्याचे पोपडेच सुटतात. शिवाय जुन्या सीलच्या भेगा ज्या मळाने बुजवलेल्या असतात, त्या उघड्या पडून तेल गळू लागते. त्यातून द्रावणाने तेल पातळ झालेले असताना गाडीवर भार टाकणे म्हणजे अनवाणी माणसाला डांबरावर धावायला लावणे. बाटलीवर गाडी जागेवरच ठेवण्याची सूचना असते, ती याचसाठी. ही औषधे सरसकट खोटी आहेत असे मेस्त्रींचे म्हणणे नव्हते. ज्या गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक आहे, जिच्यात गाळ बेताचाच आहे, तिथे अडकलेल्या रिंगा त्यांनी मोकळ्या होतातही. पण अनोळखी जुन्या गाडीला त्यांचा सल्ला वेगळा: तेलाचे झाकण उघडून आत पाहा, थर जाड असेल तर चेंबर उतरवून जाळी हाताने धुवा, मग चांगले तेल घालून हजार-दीड हजार किलोमीटरनंतर फिल्टरसह बदला, पुन्हा तसेच करा, आणि आणखी एकदा. तेलच हळूहळू आपले काम करील.

"वेळ लागतो," ते म्हणाले. "लोकांना वेळ नको असतो."

मग हात पुसत त्यांनी विचारले, "तुमच्या चर्चमध्ये पण तेल असते ना, फादर? किती प्रकारचे?" आम्ही म्हणालो, "तीन." ते म्हणाले, "बरे आहे. माझ्याकडच्या तेलांचा हिशेबच लागत नाही."

टेम्पोच्या दुरुस्तीचा खर्च चाळीस हजारांच्या घरात गेला. क्रँक घासून घ्यावा लागला, बेअरिंगे नवी घातली. धर्मग्रामाच्या निधीला हात लावणे योग्य नव्हते. चूक आमची, निधी लोकांचा. आम्ही स्वतःच्या शिलकीतून रक्कम घेऊन त्याच्या घरी गेलो. तो ओटीवर उभाच राहिला. "फादर, बाटली मी ओतली," तो म्हणाला. "दिवा लागला तेव्हाही मीच चालवत राहिलो." आम्ही म्हणालो, "पण ओतायला तुला कोणी सांगितले?" यावर तो काही बोलला नाही. पुष्कळ आढेवेढ्यांनंतर त्याने निम्मी रक्कम घेतली, तीही आईने डोळ्यांनी खुणावल्यावर. ती आई आमच्याकडे मात्र एकदाही पाहत नव्हती, आणि ते आम्हांला जड गेले.

नाताळच्या आदल्या रविवारी उपदेशाआधी आम्ही सांगितले, की पंधरा दिवसांपूर्वी येथून दिलेला एक दृष्टान्त चुकीचा होता, त्याने एकाचे नुकसान झाले आहे, आणि कोणी बाटली आणली असेल तर ती गाडीत ओतण्याआधी मेस्त्रींना झाकण उघडून दाखवावे. नाव अर्थातच घेतले नाही. तरी सगळ्या माना एकाच खांबाकडे वळल्या. बाहेर एका आजीबाईंनी आम्हांला गाठले. "फादर, मग नाताळाआधी कुमसाराला यायचे की नाही?" त्यांना हसू येत होते की त्या खरेच विचारत होत्या, हे आम्हांला आजही कळलेले नाही. "या," आम्ही म्हणालो, "पण पुढल्या महिन्यातही या."

जीपचे चेंबर आम्ही जानेवारीत उतरवून घेतले. जाळी अर्धी बुजलेली निघाली.

पहाटे तीनच्या सुमारास तो टेम्पो आमच्या कुंपणाजवळून जातो. वळणावर गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढतो. आम्ही तेव्हा बहुधा जागे असतो, आणि तो रस्त्याच्या टोकाला पोहोचेपर्यंत खडखड ऐकू येते का, याकडे कान देऊन पडून राहतो.