सर्व्हेअरला विचारलेले प्रश्न

चिकलठाणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये मी अपघातातल्या गाडीचे फोटो काढायला लागलो की मालक शेजारी येऊन उभे राहतात आणि हळूच विचारतात, ‘‘साहेब, यातलं किती मिळेल?’’ मी मोटर सर्व्हेअर आहे. नेमणूक विमा कंपनी करते, पण परवाना आयआरडीएआयचा, म्हणजे विमा क्षेत्राच्या केंद्रीय नियामकाचा असतो. मोटर विम्यात ५०,००० रुपयांच्या वरच्या क्लेमला परवानाधारक सर्व्हेअर लागतो. त्याखालचे बरेच क्लेम कंपन्या फोटोंवरच मिटवतात.

लोकांचे प्रश्न कळकळीचे असतात. पण ते अपघातानंतर येतात आणि तोवर माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. पॉलिसीत जे लिहिलंय, त्याच्या बाहेर मला जाता येत नाही.

बंपर फुटलेला असला की, ‘‘इन्शुरन्स फुल आहे, मग पैसे का कापता?’’ हे ऐकावंच लागतं. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून सरळ ५० टक्के घसारा वजा होतो. काचेला घसारा नाही. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढत जातो. पहिले सहा महिने शून्य, पाच वर्षं उलटलेल्या गाडीला ४० टक्के. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये १,००० रुपये मालकाने सोसायचे, इंजिन १,५०० सीसीच्या पुढचं असेल तर २,०००. हल्लीच्या गाड्यांचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच असतं, त्यामुळे समोरून धडक बसली की मालकाच्या खिशाला मोठी चाट बसते. झिरो डेप हे जोड-कव्हर घेतलेलं असेल तर घसारा कापला जात नाही. नवी गाडी घेणाऱ्याने पहिली काही वर्षं तरी ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पावसाळ्यातल्या क्लेमचं. एका सप्टेंबरात सातारा-देवळाई भागातून एक गाडी टो होऊन आली. शेंद्र्याच्या कारखान्यातून रात्रपाळी करून परतणारा तरुण, साचलेल्या पाण्याचा अंदाज आला नाही, गाडी मध्येच बंद पडली. घाबरून त्याने सेल्फ मारला, लागली नाही म्हणून परत मारला. इंजिनात हवेच्या वाटेने पाणी शिरलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन उघडलं तेव्हा नेमकं तेच दिसलं.

गाडी वडिलांच्या नावावर होती. ते निवृत्त शिक्षक. ‘‘पुराचं नुकसान पॉलिसीत आहे ना, सर?’’ त्यांनी विचारलं. आहे. भिजलेलं कार्पेट, सीट, वायरिंग, इंजिनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर हे सगळं मी मान्य धरलं. पण पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा चालू करण्याच्या प्रयत्नात मोडलं, तर ते थेट पुराचं नुकसान मानलं जात नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड-कव्हर वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं, आणि ते त्यांच्या पॉलिसीत नव्हतं. गुरुजी मुलावर रागावले नाहीत. त्यांनी मला एवढंच विचारलं, ‘‘पॉलिसी देताना हे आम्हाला कुणी का सांगितलं नाही?’’ त्यांचा प्रश्न रास्त होता. गाडी विकताना शोरूममध्ये रंगापासून सीट कव्हरपर्यंत सगळं समजावून सांगतात, तिथे पाच मिनिटं पॉलिसीसाठीही काढायला हवीत. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फला हात लावू नका. ढकलून बाहेर काढा, कंपनीला कळवा आणि टो करूनच न्या.

मे २०१८ मध्ये शहागंज, राजाबाजार भागात दंगल झाली, दुकानं आणि गाड्या जळाल्या. दंगलीचे पैसे मिळतात का, हे तेव्हा गल्लोगल्ली विचारलं जात होतं. पॅकेज पॉलिसीत मिळतात; आग, पूर, चोरी, दंगल हे सगळे धोके त्यात धरलेले आहेत. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असलेल्याला स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. आणि गाडी पूर्ण जळाली तर बाजारभाव नव्हे, पॉलिसीवर छापलेली आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत मिळते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तरी गाडी टोटल लॉस धरली जाते. म्हणून हप्ता कमी दिसावा यासाठी आयडीव्ही खाली ओढून घेऊ नका. वाचलेले हजार-दोन हजार नंतर लाखाला भारी पडतात.

जुनी गाडी घेणाऱ्यांचं एक दुखणं नेहमीचंच. आरसी नावावर होते, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर तशीच राहते. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे जातं, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हा फरक स्पष्ट केला आहे. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात सूट देणारा नो क्लेम बोनसही गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि पॉलिसी संपून ९० दिवस गेले की बुडतो.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या शहरात गाडीवर जीव टाकणारे लोक कमी नाहीत. २०१० मध्ये इथल्या लोकांनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. पण थर्ड पार्टी म्हटलं की इथेही लोक ती पोलिसांना दाखवायची पावती समजतात. विनाविमा गाडीला पहिल्या वेळी दंड २,००० रुपये, म्हणून ‘सापडलो तर भरू’ असं म्हणणारेही भेटतात. खरा हिशेब दंडाचा नाहीच. जालना रोडवर, बायपासवर रात्री पायी किंवा सायकलवर कामावरून परतणारा माणूस आपल्या गाडीखाली आला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती भरपाई द्यावी लागते. मृत्यू आणि जखमेसाठी थर्ड पार्टी विम्यात रकमेची वरची मर्यादाच नाही. विमा नसेल तर हीच रक्कम मालकाच्या घरादारावर येते आणि त्याच्याकडे ती नसेल तर मेलेल्याच्या बायकामुलांना काहीच मिळत नाही. हा विमा म्हणजे त्या अनोळखी घराची चूल आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ती तीन वर्षं संपली की पुष्कळ गाड्या तशाच फिरत राहतात. ही बेपर्वाई मला सहन होत नाही.

आपल्याच गाडीत बसलेल्यांचाही विचार करायला हवा. खुलताबाद-वेरूळला शेजाऱ्यांना घेऊन निघालात आणि अपघात झाला, तर पॅकेज पॉलिसीत त्यांच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही. गाडी मुलाने चालवली, भाच्याने चालवली, तरी चालतं. चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स हवं आणि तो प्यायलेला नसावा.

क्लेम नाकारला गेला आणि तो अन्याय वाटला, तर आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे वर्षभराच्या आत जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. जाताना सर्व्हे रिपोर्टची प्रत सोबत ठेवा. आम्ही काय पाहिलं आणि काय का कापलं, हे त्यातच लिहिलेलं असतं. ती प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. मागायला संकोच करू नका.