अत्तर न विकणारा अत्तार

दोस्तांनो, तुमच्या वर्गात कुणाचं आडनाव ‘अत्तार’ आहे का? आमच्या वर्गात एकाचं होतं. मी त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायचो नि मोठ्यानं विचारायचो, ‘‘काय रे, आज कुठलं अत्तर?’’ सारा वर्ग हसायचा. तो मात्र हसायचा नाही.

आम्ही तेव्हा जुन्या जालन्यात राहायचो. एका संध्याकाळी आजीला खोकल्याची ढास लागली. ती म्हणाली, ‘‘बाळा, पळ, अत्ताराकडून जेष्ठमध आन.’’

मी पळालो तो थेट अत्तरवाल्याकडे! तो म्हणाला, ‘‘बेटा, यहाँ खुशबू मिलती है, दवा नहीं.’’ तोवर बाजार बंद झाला होता. मी हात हलवत परत आलो. आजी रात्रभर खोकत होती आणि मी जागा होतो.

सकाळी नाइलाजानं मी त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, ‘‘आमच्या आजोबांचं दुकान आहे की! चल.’’

दुकानात भिंतभर लाकडी खण होते. हिरडा, बेहडा, पिंपळी, वाळलेल्या गुलाबकळ्या! आजोबांनी जेष्ठमध तोलून पुडी बांधली. मी चाचरत विचारलं, ‘‘अत्तार म्हणजे अत्तरवाला ना?’’ ते हसले, ‘‘अत्तरवाला भी, दवावाला भी.’’

हे कसं काय बुवा? मोठेपणी मी शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. अरबीत ‘इत्र’ म्हणजे सुगंध आणि तो विकणारा ‘अत्तार’. पण गुलाब, चंदन, कापूर, केशर हे सुगंधातही लागतं नि औषधातही. मग दोन्ही माल एकाच दुकानात! इराणमधल्या निशापूरचा फरीदुद्दीन अत्तार हा थोर कवी सुमारे ८०० वर्षांपूर्वी होऊन गेला. तोही औषधंच विकायचा. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथला कारभार उर्दूत चाले, म्हणून असे शब्द आपल्याकडे चांगलेच रुळले.

आणखी एक गंमत! आपल्या जालन्यात गांधी चमन आहे ना? ‘गांधी’ हे आडनावही ‘गंध’ या शब्दातूनच आलंय. सुगंधी वस्तू नि मसाले विकणारा तो गांधी. तिकडे इंग्रजांचा जुना औषधवाला म्हणजे ‘अपोथेकरी’. त्याचं मूळ ग्रीक भाषेत, अर्थ ‘कोठार’. आजचा ‘बुटिक’ हा शब्दही त्याच कोठारातला!

हो, आजीचं सांगायचं राहिलंच. जेष्ठमध चघळून तिच्या घशाला आराम पडला. दुसऱ्या दिवशी मी पैसे द्यायला गेलो नि सगळ्यांसमोर नाही, पण त्या दुकानाच्या पायरीवर मित्राला म्हटलं, ‘‘चुकलं माझं.’’ तो म्हणाला, ‘‘वर्गात म्हण की!’’

म्हटलं. सोपं नव्हतं बरं का! तुम्हीही कुणाच्या आडनावाला हसण्याआधी त्याचा अर्थ विचारून बघा.