आयतं पान

लग्नाच्या वाढदिवसाला आपल्या बायकांच्या वाट्याला काय येतं? सकाळी देवाला जोडीने नमस्कार, फार तर एक गजरा, आणि मग दिवसभर ओटा. भेटायला येणाऱ्यांना बटाटेवडे, रात्री श्रीखंड-पुरीचा बेत. वाढदिवस आपला आणि राबायचंही आपणच! म्हणून पंचविसाव्या वाढदिवसाला मी ह्यांना सरळ सांगितलं, "या खेपेला साडी नको. दोन दिवस मला आयतं पान हवं."

आम्ही नाशिकचे. शनिवार-रविवार मुंबईला जायचं ठरलं. सासूबाईंजवळ धाकट्या जाऊबाई येऊन राहिल्या. औषधांच्या पुड्या वार आणि वेळ लिहून ठेवल्या, दोन दिवसांचं दळण, विरजण, सगळं मार्गी लावलं. "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं," असं सासूबाई म्हणाल्या खऱ्या, पण निघताना त्यांनीच माझ्या हातावर पाचशे रुपये ठेवले.

खरा प्रश्न होता राहण्याचा. नणंदबाई डोंबिवलीला. "आमचं घर असताना लॉज कशाला?" म्हणून त्या रुसल्या. त्यांचं प्रेम मला ठाऊक आहे. पण मैत्रिणींनो, नणंदेच्या घरी सकाळी कुकरची शिट्टी ऐकून तुम्ही अंथरुणात लोळत पडाल का? पदर खोचला जाणारच! शेवटी ह्यांनीच फोन केला, "ताई, पुढच्या महिन्यात दोघं येतो. या वेळी हिला स्वयंपाकघरातून सुट्टी दिलीय." माझा निम्मा वाढदिवस तिथेच साजरा झाला.

पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलो, लॉजवर सामान टाकलं आणि जेवायला माटुंग्याला गेलो. स्टेशनजवळ वरच्या मजल्यावर रामा नायकांचं उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ सालापासूनचं. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या. वाढपी एकामागून एक येत होते. दोनदा तर त्यांच्या हातातलं भांडं घ्यायला माझाच हात पुढे झाला! गरम जेवण, ह्यांच्या बरोबरीने, एकदाही न उठता. घरच्या पंगतीत मी शेवटी बसते, तेव्हा आमटी कोमट झालेली असते.

दुपारी शिवाजी मंदिरात नाटक पाहिलं. १९६५ साली सुरू झालेलं हे नाट्यगृह, लग्नानंतरचं आमचं पहिलं नाटक इथेच झालेलं. नंतर 'प्रकाश'मध्ये गेलो. मी साबुदाणावडा आणि पियूष सांगितलं. ह्यांना नवल वाटलं. "तुला साबुदाणावडा आवडतो? घरी कधी करत नाहीस ती!"

"तुम्हाला खिचडी लागते, मुलांना बटाट्याचा कीस. एकटीसाठी कढई कोण चढवणार?"

हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक प्लेट मागवली. पंचवीस वर्षं सगळ्यांच्या आवडी मी पाठ केल्या, माझी मला कुणी विचारली नव्हती, एवढं मात्र दोघांच्याही ध्यानात आलं. (पियूष घरीही होतं बरं का! श्रीखंड ताकात घुसळायचं, वर जायफळ-वेलची.)

रविवारी सकाळी गेटवेवरून लाँचने घारापुरीला गेलो. तास-सव्वा तासाचा प्रवास. मुलांच्या फिया, सोसायटीचं पाणी, आईंचं गुडघ्याचं दुखणं, हे विषय अर्ध्या वाटेतच संपले. मग दोघंही गप्प. इतका वेळ नुसतं शेजारी बसायची सवयच राहिली नव्हती. हळूहळू हे त्यांच्या पहिल्या नोकरीतल्या गमती सांगू लागले. त्यातल्या कितीतरी मला नव्या होत्या.

वर चढायला सुमारे १२० पायऱ्या आहेत. चपला मऊ घाला, पाणी जवळ ठेवा. १९८७ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या लेण्यात सगळे त्रिमूर्तीपुढे थांबतात. मला खिळवून ठेवलं ते शिवपार्वतीच्या विवाहाच्या शिल्पाने. पार्वती उजव्या हाताला, मान किंचित झुकवून उभी. दुसरीकडे तीच पार्वती कैलासावर, शंकरापासून तोंड फिरवून बसलेली. सारीपाटाच्या डावावरून रुसलीय म्हणतात. आणि त्रिमूर्तीच्या शेजारी दोघं एकाच देहात, अर्धनारीश्वर. लग्न, रुसवा आणि एकरूप होणं, सगळं एकाच छताखाली! हे हसून म्हणाले, "देवांच्या घरीही असतंच की!" मी म्हटलं, "असतं, पण तिथे रुसायला वेळ तरी मिळतो."

संध्याकाळी पंचवटीनेच परतलो. खर्च झाला तो एका बऱ्या साडीएवढाच.

आता आमच्याकडे दर शनिवारी रात्री हे पानं घेतात आणि वाढतात. आमटी सांडते, मिठाचं भांडं सापडत नाही, सासूबाई हसतात. मी मात्र जागची उठत नाही. तुम्हीही घरात सांगून बघा. घारापुरीला जायचं तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. पावसाळ्यात लाँचचं खरं नसतं. आणि मुक्काम? नणंदेला, जावेला हवं तर पेढे द्या, पण राहा लॉजवरच!