पुढच्या मजल्यासाठी

खेळाचं यंत्र खारघरजवळच्या ओवे गावातल्या आमच्या घरात पहिल्यांदा आलं ते उसनं. गणपतीला आलेल्या आतेभावाने ते पिशवीतून आणलं होतं आणि गौरी गेल्या की परत न्यायचं, या बोलीवर ठेवलं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. 'मीडिया', 'सामुराई' अशा नावांनी ही यंत्रं तेव्हा बाजारात मिळायची. निन्टेंडोने १९८३ साली जपानात काढलेल्या 'फॅमिकॉम'च्या त्या नकला. आम्हाला त्याच्याशी काय देणंघेणं? आमच्यासाठी तो नुसता 'टीव्ही गेम' होता. पिवळी कॅसेट, तिच्यावर नऊ-नऊ-नऊ असा लांबलचक आकडा, आणि आत फिरून फिरून तेच मूठभर खेळ. कॅसेट चालली नाही की काढायची, फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची.

सोबत एक बंदूक यायची. टीव्हीवर बदकं उडायची आणि आपण ती टिपायची. तिची गंमत अशी की घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदक असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत एक डोळा बसवलेला असतो. त्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं, नाहीतर उडालं. म्हणजे गोळी आपण मारतच नव्हतो, उजेड टीव्हीकडून आपल्याकडे येत होता. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते बघावंसं वाटायला लागलं ते या बंदुकीपासून.

पण त्या दिवसांतलं खरं लक्षात राहिलंय ते घरातली गर्दी. रिमोट दोन आणि पोरं अख्ख्या आळीची. एक लाइफ गेली की रिमोट पुढच्याच्या हातात द्यायचा, यावर भांडण ठरलेलं. 'काँट्रा' खेळणारे दोघे आणि मागून शिकवणारे दहा. खेळापेक्षा शिकवणाऱ्यांचा आवाज मोठा.

पुढे खारघर वाढलं. डोंगराच्या पायथ्याशी जिथे भाताची खाचरं होती तिथे सेक्टर आले, आणि सेक्टरांबरोबर सायबर कॅफे आले. तासावर पैसे. एका खोलीत ओळीने लावलेले कॉम्प्युटर, एकमेकांना केबलने जोडलेले, आणि 'काउंटर-स्ट्राइक'. इथेही आरडाओरडा होताच, पण प्रत्येकाचं तोंड स्वतःच्या पडद्याकडे. मला मात्र पडद्यापेक्षा टेबलाखालचा डबा जास्त खुणावायचा. कॅफेवाला त्या डब्याचं एका बाजूचं झाकण काढूनच ठेवायचा; आत पंखा फिरायचा, त्यावर धुळीची दाट साय धरलेली. टीव्ही गेमसारखा कन्सोल बिघडला की तो बदलायचा, कॉम्प्युटर बिघडला की त्यातला एक तुकडा बदलायचा, हा फरक मी त्या उघड्या झाकणातून शिकलो. बारावीनंतर हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केला. मग आपोआपच मुंबईचा लॅमिंग्टन रोड आला.

लॅमिंग्टन रोडचं पाटीवरचं नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते फक्त पाटीवर. मिनर्व्हा थिएटरमुळे आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता 'शोले'चा म्हणून माहीत. आमच्या पिढीला तो मदरबोर्ड आणि रॅमचा. फुटपाथला लागून गाळे, गाळ्यात काउंटर, काउंटरवर भाव विचारणाऱ्यांची रांग. एका दुकानात भाव विचारून दुसऱ्या दुकानात तो शंभराने कमी करून सांगायचा, ही तिथली रीत. 'बिलाने की विना बिल?' हा प्रश्न ऐकला की आपलं उत्तर पाठ हवं: बिलाने. विना बिल वाचलेले पैसे वॉरंटीच्या दारात दुपटीने जातात.

कन्सोल गावातून गेला नव्हताच. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळू लागले, बिल्डरांशी करार झाले, तशी कुठे गाडी आली, कुठे माडी चढली, आणि कुठे पोरांच्या हट्टापायी प्लेस्टेशन आलं. १९८४ साली जासईच्या आंदोलनात शेतकऱ्यांनी जीव दिले, त्या लढ्यातून ही साडेबारा टक्क्यांची वाट निघाली. तिच्या टोकाला नातवाच्या हातात जपानी कंपनीचा रिमोट असेल, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं असणार! पंधरा कोटींहून जास्त खपलेला प्लेस्टेशन टू आमच्या आळीतही होता. माझ्या भाच्याकडे आला तो प्लेस्टेशन फोर, तोही वापरलेला.

आणि २०२५ च्या पावसाळ्यात भाचा म्हणाला, "मामा, आता कन्सोल बस. मला पीसी बनवून दे." बजेट साठ हजार. त्यातले अर्धे ताईचे, उरलेले त्याच्या पहिल्या नोकरीचे. आईने आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला. "एवऱ्या पैशान म्हस आली असती."

कन्सोलवरून येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. प्लेस्टेशन फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याकडे आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. मग तेवढ्याच पैशांत तेवढाच दमदार पीसी का होत नाही? आतून तर दोन्ही एकच. प्लेस्टेशन फोर आणि फाइव्ह, दोघांच्या पोटात एएमडीचेच आठ कोअरचे प्रोसेसर आहेत. फरक धंद्यात आहे. कन्सोल बनवणारी कंपनी यंत्रावर फारसं कमवत नाही. ती कमावते पुढे, प्रत्येक गेमवर आणि ऑनलाइन खेळायच्या वर्गणीवर. पीसीत प्रत्येक सुट्या भागावर ज्याचा त्याचा नफा आधीच घेतलेला असतो, पण ऑनलाइन खेळायला वर्गणी लागत नाही आणि सेल लागला की गेम पडेल भावात मिळतात. एकात पैसा आधी जातो, दुसऱ्यात नंतर.

हे हिशेब भाच्याला समजावताना मला आमच्या गावाची घरं आठवली. सिडकोचा फ्लॅट जसा मिळतो तसा राहायचा. भिंत पाडायची सोय नाही, वर चढवायची नाही. गावठाणातल्या घराचं तसं नसतं. आज तळमजल्यापुरते पैसे असतील तर तळमजला बांधायचा, पण स्लॅबवर सळ्या उघड्या सोडायच्या. पोरगा कमवायला लागला की त्याच सळ्यांवर पुढचा मजला. पीसी असा बांधायचा असतो. कमी पैशांत बांधताना आज काय घ्यायचं याच्याइतकाच मोठा प्रश्न असतो, तो सळ्या कुठे सोडायच्या याचा.

आणि कमी पैशांत सगळीकडे सळ्या सोडता येत नाहीत. प्रोसेसर जिथे बसतो ते एएमडीचं एएम-फोर सॉकेट हे जुनं घर. २०१७ साली घेतलेल्या बोर्डात बायोस अपडेट करून २०२२ चा प्रोसेसर बसतो, इतकी वर्षं ते टिकलं. पण आता त्यावर आणखी मोठे मजले चढायचे नाहीत. नवं एएम-फाइव्ह सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालवू, असं कंपनीनेच सांगितलंय. पण तिकडे गेलं की बोर्ड महाग, रॅमही डीडीआर-फाइव्हच लागते. भाचा खेळणार साध्या फुल एचडी पडद्यावर. तिथे आधी दम लागतो तो ग्राफिक्स कार्डाला, प्रोसेसरला नंतर. म्हणून प्रोसेसरकडची सळई आम्ही कापली आणि ग्राफिक्सकडची सोडली. रायझन फाइव्ह ५६००, बी-५५० चा बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एक टीबीचा एनव्हीएमई एसएसडी, आणि बजेटचा साधारण तिसरा हिस्सा खाणारं आठ जीबीचं आरएक्स ६६०० कार्ड.

सगळ्याला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर मात्र मी अडून बसलो. एका दुकानदाराने कॅबिनेटबरोबर 'फ्री' एसएमपीएस पुढे केला. तो हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. एसएमपीएसचं वजन हे काही शास्त्र नव्हे, पण इतका हलका असेल तर आतले भाग कुठे वाचवलेत ते कळतं. त्याच्याऐवजी ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझवाला घेतला. आजच्या कार्डाला ५५० पुरला असता. वरचे शंभर वॅट म्हणजेच ती सळई.

पेठपाड्याला मेट्रो झाल्यापासून सामान आणणं सोपं झालंय. बेलापूरपर्यंत मेट्रो, पुढे हार्बरने कुर्ला, तिथून मेन लाइनने दादर, आणि पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. परतताना कॅबिनेटचा खोका गर्दीत डोक्यावर धरावा लागतो, एवढाच काय तो त्रास.

जोडणी हॉलमध्येच, चटईवर बसून केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा बारीक सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. आपल्या वजनाने बसला तरच बरोबर. मग दांडी खाली. वर वाटाण्याएवढी पेस्ट, कूलरचे स्क्रू तिरपे-तिरपे थोडे-थोडे आवळायचे. रॅम मात्र दाबावीच लागते. नवख्या माणसाचा हात तिथे कचरतो. चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत दोन रॅम बसल्या, दोन खाचा रिकाम्या राहिल्या. सगळ्यात वेळ खातात त्या पॉवर बटणाच्या केसाएवढ्या पिना. तिथे मोठ्या माणसाची बोटं चालत नाहीत, भाच्याची चालली.

बटण दाबलं, पंखे फिरले, टीव्ही काळाच. भाच्याचा चेहरा पडला. कन्सोलला मागे एचडीएमआयचं एकच भोक असतं, त्याने पहिलं दिसलं त्यात वायर खोचली होती. ते भोक मदरबोर्डचं. या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्स नाही, त्यामुळे तिथून चित्र येतच नाही. वायर खाली, कार्डाच्या भोकात घातली आणि चित्र आलं. कन्सोलवरून येणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्या दिवशी इथेच अडकतात.

पण त्याआधी घराचं एक काम करून घ्यावं लागलं होतं. जुन्या घरात थ्री-पिनचं वरचं भोक नुसतं नावाला होतं, त्याला वायरच नव्हती. अशा प्लगवर पीसी चालतो, पण कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. वायरमन बोलावला, अंगणात खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग केलं. डोंगराच्या कुशीतला इथला पाऊस आणि बाकीचे आठ महिने बांधकामांची धूळ, म्हणून कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवलं. जाळी महिन्याकाठी धुवायची. हे काम कन्सोलवाल्याला नवं असतं.

आणखीही काही गोष्टी नव्या असतात, आणि त्या आधीच सांगितलेल्या बऱ्या. प्लेस्टेशनवर विकत घेतलेले गेम पीसीवर येत नाहीत. डिस्क खेळून झाली की विकून दुसरी घ्यायची, ही आपल्याकडची चांगली सोय पीसीवर संपते. तिथे गेम घेतला की तो आपल्याच गळ्यात. दर गेमला सेटिंग्जचं लांबलचक पान येतं आणि सावली किती, पाणी किती, सगळं आपण ठरवायचं. उलट बाजूने, प्लेस्टेशनचा रिमोट वायर लावून पीसीवर चालतो, घरातला टीव्हीही चालतो, त्यामुळे मॉनिटरची घाई करावी लागत नाही. भाच्याने या पीसीवर पहिला गेम लावला तो 'राजी', पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला, पुराणकथांवर बेतलेला. परशुराम-बळीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आईने तो येऊन बघितला, आणि म्हशीचा विषय त्या दिवसापुरता मिटला.

वर्ष सरता सरता रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, कारखाने तिकडे वळले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा आपला किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. आमच्या बोर्डातल्या दोन खाचा रिकाम्याच आहेत. सळ्या सोडल्या म्हणजे मजला लगेच चढतो असं नाही. गावात कित्येक घरांच्या सळ्यांना गंज धरलाय. पण सळई असली तर वाट बघता येते. नसली तर घरच पाडावं लागतं.

एक गोष्ट मात्र मला अजून डाचते. भाच्याने पुढे मॉनिटर घेतला, हेडफोन घेतला आणि पीसी आतल्या खोलीत नेला. तो खेळतो चौघांबरोबर, पण ते चौघे कुठल्या गावचे, कुणास ठाऊक. मावशीची-आत्याची पोरं आली की त्यांना खोलीच्या दारातून नुसतं बघावं लागतं. माणशी एक यंत्र झालं की खेळ चांगला होतो, रांग संपते, भांडणंही संपतात. आमच्या लहानपणी त्या रांगेतच अर्धी मजा होती.

म्हणून कन्सोल सोडून पीसीकडे निघालेल्या कुणाच्या आईबापांनी मला विचारलं तर मी एवढंच सांगतो. पन्नास-साठ हजार असतील तर जरूर बांधा. त्यावर पोरगा खेळेल, शिकेल, उद्या कामही करेल. पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, एसएमपीएसवर काटकसर करू नका, पक्कं बिल घ्या आणि आधी घराचं अर्थिंग तपासा. आणि जुना कन्सोल विकू नका. त्याचे फार पैसे येत नाहीत, आणि गणपतीत पाहुण्यांची पोरं आली की हॉलमध्ये तोच लागतो.